मे महिन्याच्या सुट्टीत जैसलमेर: आंधीच्या दिवसांत वाळूवर जायचं तर

जैसलमेरला कधी जावं असं कुणालाही विचारा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच उत्तर मिळेल. उत्तर बरोबर आहे. पण आपल्याकडे पोरांच्या शाळा उन्हाळ्यातच सुटतात, आणि घरातल्या सगळ्यांच्या रजा जुळतात त्या मे महिन्यात. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत सांगली, पुणे, डोंबिवलीहून ओळखीपाळखीचे फोन येतात. "तू तिकडे होतास ना रे? जाऊ का नको?"

मी तिकडे होतो ते पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर. आधी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, मग सहा उन्हाळे जैसलमेरला. २००१ पासून तिथे पवनचक्क्या उभ्या राहत गेल्या. आज अमरसागर, बडाबाग भागात गाडीतून जाताना त्या मोजता मोजता माणूस कंटाळतो. इतक्या पवनचक्क्या तिथे का लावल्या, याचा विचार केला तर पुढचं सगळं आपोआप कळतं. चाळकेवाडीचा वारा धुकं आणि पाऊस घेऊन येतो. इथला वाळू घेऊन येतो, आणि तो जोरात असतो नेमका आपल्या सुट्टीच्या महिन्यांत.

फोनवर मी सगळ्यांना एकच सांगतो: जा, पण सकाळी दहाच्या आत वाळूवरून परत या. एवढं पाळायचं तर तयारी काय करायची, ते खाली लिहितो.

१. आधी इथल्या वाऱ्याचं घड्याळ समजून घ्या

उन्हाळ्यात राजस्थान आणि सिंधचा भाग इतका तापतो की तिथे हवेचा दाब उतरतो आणि अरबी समुद्राकडून नैर्ऋत्येचा वारा आत ओढला जातो. एप्रिलपासून तो जाणवायला लागतो, मे-जून-जुलैत भरात असतो. तापतो म्हणजे किती, तर १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. जोधपूरहून जैसलमेरला रेल्वेने जाताना हेच फलोदी लागतं.

ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर वारा गेला की कोरडी वाळू चालायला लागते. 'चालते' हा शब्द मुद्दाम वापरला. जाड कण हवेत तरंगत नाहीत, टुणटुण उड्या मारत पुढे जातात, आणि त्यातले बहुतेक गुडघ्याच्या खालीच राहतात. म्हणून त्याच जागी उभ्या माणसाला वारा नुसता गरम लागतो आणि शेजारी बसलेल्या चार वर्षांच्या पोराच्या तोंडावर सुया टोचतात. पोर रडतंय ते हट्टाने रडत नाहीये, हे आईबापांच्या उशिरा लक्षात येतं.

आता घड्याळ. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती जागची हलत नाही. आम्हाला याची गंमत वाटायची. वर ऐंशी मीटरवर पाती रात्रभर जोमाने फिरतायत, आणि खाली टॉवरच्या दाराशी पेटवलेली काडी विझत नाही. ऊन चढलं, जमीन तापली की वरचा वारा खाली उतरतो. साधारण दहाच्या सुमारास वाळू सरसरायला लागते, दुपारी कहर होतो, आणि संध्याकाळी कधीकधी आंधी येते. म्हणजे ज्या सूर्यास्ताच्या फोटोसाठी सगळे धडपडतात तीच वेळ या दिवसांत सगळ्यात बेभरवशाची. सूर्योदय बघा. तोही तितकाच लाल असतो, आणि गर्दी नसते.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.
- गाडी स्वतःची असेल तर आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. भाड्याची असेल तर करारपत्र. त्यात गाडी वाळूत न्यायची मुभा आहे का ते वाचा, बहुतेक ठिकाणी नसते.
- तनोट माता मंदिर आणि लोंगेवालापर्यंत भारतीयांना सहसा ओळखपत्रावर जाता येतं. त्यापुढे सीमेच्या खांबापर्यंत जायचं असेल तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते.
- बरोबर परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील, ओसीआय कार्ड असलं तरी, जैसलमेरच्या पश्चिमेकडच्या सीमाभागाबद्दल जिल्हा प्रशासनाकडे आधी विचारा. पुतण्या अमेरिकेत जन्मलाय हे चौकीवर आठवून उपयोग नाही.
- ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोनचा तर विचारही नको. परवान्याशिवाय तो आपल्या देशात बेकायदा आहे.

उन्हाळ्यात आंधीच्या आडोशाने घुसखोरी होऊ नये म्हणून सीमा सुरक्षा दल 'ऑपरेशन गरम हवा' या नावाने गस्त वाढवतं. त्या दिवसांत तपासणी जास्त, प्रश्न जास्त. हसून उत्तरं द्या आणि पुढे जा. मे २०२५ मध्ये तर जैसलमेरला रात्री ब्लॅकआउट होता, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी बातम्या बघणं हाही तयारीचाच भाग धरा.

३. सोबत काय घ्यायचं

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, आणि गाडीत वेगळे दहा-वीस लिटर, ज्यांना अडकल्याशिवाय हात लावायचा नाही. ओआरएसची पाकिटं. कैरीचं पन्हं घट्ट करून बाटलीत भरून नेलं तर पोरं ते ओआरएसपेक्षा आनंदाने पितात. तिकडे प्रत्येक ढाब्यावर खारी छाछ मिळते, ती मिळेल तिथे प्या. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असं आपल्याकडेही म्हणतात, तिकडेही म्हणतात. मी सहा उन्हाळे ठेवला. काही उपयोग झाला का ते सांगता येणार नाही, पण भाकरीबरोबर खाता यायचा.

डोक्याला टोपी नको, ती उडते. तीन-साडेतीन मीटरचं पातळ सुती कापड किंवा मोठं उपरणं घ्या. उंटवाल्याला सांगितलंत तर तो दोन मिनिटांत साफा बांधून देईल आणि शेवटचं टोक तोंडावरून कसं घ्यायचं तेही दाखवील. डोळ्यांसाठी फॅशनचा गॉगल कुचकामी, त्याच्या कडांतून वाळू येते. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंग करताना घालतात तो चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा स्वस्तात मिळतो, तो प्रत्येकासाठी एक. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हे दोन-चार दिवस साध्या चष्म्यावर काढावेत. एन-९५ मास्क घ्या, कारण आंधीतली बारीक धूळ कापडातून आत जाते. दम्याचा त्रास असेल तर पंप बॅगेत नाही, खिशात.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. दुपारच्या वाळूवर चपलेतून पाय भाजतो, आणि बुटाचं आणखी एक कारण पुढे सापाच्या मुद्द्यात येईल. मोबाइलला झिपवाली प्लास्टिकची पिशवी. कॅमेऱ्याची लेन्स वाळूवर बदलू नका. मी एकदा बदलली होती. ती लेन्स अजून फिरवली की करकरते.

४. मुक्काम कुठे

सम हे वाळूच्या टेकड्यांचं ठिकाण जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर. हिवाळ्यात तिथे रस्त्याच्या दुतर्फा तंबूच तंबू असतात. उन्हाळ्यात बरेच कॅम्प बंद होतात, कापड काढून नुसते सांगाडे उरतात. नवख्या माणसाला इथेच टोपी बसते, कारण नेटवर बुकिंग मात्र चालू दिसतं. माझ्या एका मित्राने पैसे भरले, कुटुंबकबिल्यासह पोचला, तर तंबूचं एक अंग फाटून फडफडतंय आणि व्यवस्थापक म्हणतोय, रात्री वारा पडेल. वारा पडला नाही, तंबू पडला.

तेव्हा तंबू नको. एक तर जैसलमेर शहरात पक्क्या भिंतींच्या खोलीत राहा आणि पहाटे चारला निघून समला या. नाहीतर खुडीला जा. तिकडे, नैर्ऋत्येला, मातीच्या जाड भिंतींची आणि गवताने शाकारलेली घरं पाहुण्यांना देतात. आत दुपारी बाहेरच्यापेक्षा चांगलंच गार असतं आणि भिंती वाऱ्याला दाद देत नाहीत. बुक करताना फोनवर एवढंच विचारा: "पक्की खोली आहे का? दार-खिडकी नीट बंद होते का? आणि या आठवड्यात तुमच्याकडे कोणी राहून गेलंय का?" तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराआधी माणूस किती थांबतो त्यावरून बरंच कळतं.

५. गाडी आणि रस्ता

डांबरी रस्ता उत्तम आहे, आणि घात तिथेच होतो. सरळ, रिकामा रस्ता, गाडी शंभरावर, आणि मध्येच रात्रीत वाऱ्याने आणून टाकलेली वाळूची पट्टी. लांबून ती रस्त्याच्याच रंगाची दिसते. पुढची दोन चाकं तिच्यात गेली की स्टिअरिंग हलकं होतं, माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि गाडी फिरते. पश्चिमेकडच्या रस्त्यांवर साठच्या वर जाऊ नका, पट्टी दिसली की आधीच वेग कमी करा, तिच्यावर असताना ब्रेक नको. दुचाकीवाल्यांनी तर अशा ठिकाणी उतरून ढकलत नेली तरी कमीपणा नाही.

तनोटच्या वाटेवर रामगढला टाकी पूर्ण भरून घ्या, पुढच्या पंपाची आशा धरू नका.

गाडी उभी करताना तिची पाठ वाऱ्याकडे ठेवा, म्हणजे समोरच्या काचेवर वाळूचा मारा होत नाही. मात्र मग दार उघडताना दोन्ही हातांनी धरून उघडा. वारा दाराला पुढे फेकतो आणि बिजागरी वाकते. ही दुरुस्ती मी उन्हाळ्यात एवढ्या गाड्यांची पाहिली आहे की हसू येतं. काचेवर धूळ बसली तर कोरडे वायपर चालवू नका, आधी पाणी मारा.

स्वतःची फोर बाय फोर वाळूत घालायचीच असेल तर दोन गाड्या हव्यात, एकट्याने कधीच नाही. चाकांतली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा. चाक चपटं होऊन जास्त जागा धरतं आणि रुतत नाही. फावडं, टोइंगचा पट्टा, हवा भरायचा पंप आणि चाकाखाली टाकायला दोन जाड फळ्या, एवढं गाडीत हवंच. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरा, तशाच चाकांवर जोरात गेलात तर टायर तापून फुटतो. आणि गाडी कुठेही घालू नका. हा मोठा भाग डेझर्ट नॅशनल पार्कचा आहे. तिथला गोडावण म्हणजे आपला नान्नजचा माळढोक, आणि उन्हाळ्यापासून त्याच्या विणीचे दिवस. मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालते.

६. धोऱ्यावर चढणं-उतरणं

वाळूच्या टेकडीला तिकडे 'धोरा' म्हणतात. धोऱ्याला दोन बाजू असतात. वाऱ्याकडची बाजू लांबलचक, हलक्या चढाची आणि दाबून घट्ट झालेली. पलीकडची बाजू छपरासारखी उतरती, भुसभुशीत. तिथे पाय ठेवला की वाळू खाली सरकते. या मोसमात वारा नैर्ऋत्येचा, म्हणून घट्ट बाजू सहसा नैर्ऋत्येला आणि सरकती बाजू ईशान्येला.

चढायचं ते घट्ट बाजूने. बुटाखाली वाळूवरच्या बारीक लहरी मोडतायत पण पाय रुतत नाही, अशी जागा धरून चला. सरकत्या बाजूने चढायला गेलात तर दोन पावलं वर आणि दीड खाली. उतरताना पायी असाल तर मजेत घसरा. गाडीत असाल तर नाक सरळ खाली ठेवूनच उतरायचं. तिरपी घेतली की कलंडलीच. माथ्यापलीकडे काय आहे ते उतरून पाहिल्याशिवाय गाडी माथ्यावरून पुढे नेऊ नका. काल जिथे उतार होता तिथे आज कडा असू शकतो, एवढा माथा रात्रीत सरकतो.

भाड्याच्या जीपमध्ये मागे उभं राहून आरडाओरडा करायची पद्धत आहे. चालकाला आधीच सांगा, हळू चालव, पैसे तेवढेच देऊ. बसून, पट्टा लावून जा. पट्टा नसेल तर दुसरी जीप बघा.

उंट बरा. तो उठताना आधी मागचे पाय उचलतो, तेव्हा तुम्ही पुढे फेकले जाता. उठायच्या आधीच मागे झुका. बाकी त्याला वाळूचं काही नाही. नाकपुड्या मिटतो, पापण्यांच्या दुहेरी केसांआडून बघतो आणि चालत राहतो.

७. आंधी येतेय हे कसं कळतं, आणि मग काय करायचं

सकाळीच हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपवर जैसलमेर जिल्ह्याचा इशारा बघा, विजेसाठी 'दामिनी' ठेवा. वाऱ्याचा अंदाज बघताना सरासरी सोडा, झोताचा वेग बघा. सेकंदाला १२ मीटरच्या वर वारा असला की आम्ही टॉवरवर चढत नसू, म्हणजे ताशी त्रेचाळीस किलोमीटर. पोरंबाळं घेऊन वाळूवर जायला मी त्याच्या निम्मीच मर्यादा धरेन.

ॲप चुकतं, आकाश सहसा चुकत नाही. दुपारनंतर क्षितिजाला तपकिरी कड दिसायला लागते, ती जाड होत जाते. मध्येच वारा एकदम पडतो. लोक म्हणतात, चला, थांबला! तोच इशारा. मग थंड झोत येतो, पाठोपाठ भिंत.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात मेहुणा सहकुटुंब आला होता. मी नको म्हणत असताना सूर्यास्ताला समला गेलो. माथ्यावर बसलो होतो, कड दिसली, जीपवाला म्हणाला दहा मिनिटं आहेत. चार होती. आधी भाच्याची टोपी उडाली आणि पोरगं तिच्यामागे धावत सुटलं. पाच पावलांवरची जीप दिसेनाशी झाली होती, मुलगा कुठला दिसणार. उंटवाल्याच्या पोराने त्याला पायाला धरून पाडलं म्हणून सापडला. तेव्हापासून मी आधी हे बजावतो: टोपी, ओढणी, मोबाइल, काहीही उडालं तरी जाऊ द्यायचं.

पायी असाल तर माथा लगेच सोडा, कारण आंधीबरोबर वीज येते. सरकत्या बाजूच्या पायथ्याशी मात्र बसू नका, वरून वाळू ओतते. मोकळ्या, सपाट जागी सगळे जवळ जवळ, पाठ वाऱ्याकडे, मुलं मध्ये, तोंडावर कापड. एकमेकांचे हात सोडू नका. उंट असेल तर उंटवाला त्याला बसवील, त्याच्या आडोशाला बसा. एकट्या खेजडीच्या झाडाखाली जाऊ नका. खेजडी म्हणजे आपली शमी, सावलीला छान, विजेच्या वेळी धोक्याची.

गाडीत असाल तर डांबरावरून पूर्ण खाली उतरा, हँडब्रेक ओढा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा. दिवे बंद करायचं लोकांना पटत नाही. पण मागून येणारा ट्रकवाला तुमचे लाल दिवे बघून, रस्ता तिकडेच आहे असं समजून थेट तुमच्यावर येतो. एसी आतल्या हवेवर फिरवा, काचा बंद. अशी आंधी बऱ्याचदा पाऊण-एक तासात ओसरते, मागे चार थेंब पडतात आणि मातीचा वास सुटतो. तरीही लगेच निघू नका, धूळ बसू द्या.

८. वाट चुकलात किंवा रुतलात तर

गाडी रुतली की ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक स्वतःचा खड्डा खणतं. उतरा, हवा १५ पर्यंत काढा, चाकांमागची वाळू हाताने उपसा, फळ्या सारा, आल्या वाटेने उलटे निघा.

वाट चुकलात तर गाडीजवळच थांबा. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. निघायच्या आधी मुक्कामाच्या मालकाला कुठे चाललोय आणि किती वाजता येणार हे सांगितलेलं असेल तर शोध लवकर सुरू होतो. सीमेकडे मोबाइलला रेंज धड नसते; नकाशा आधीच उतरवून ठेवा. रेंज मिळाली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. चाकांच्या खुणांवर विसंबू नका, त्या तासाभरात पुसल्या जातात. दिशेसाठी धोऱ्यांच्या सरकत्या बाजू बघा, त्या बहुतांशी ईशान्येला तोंड करून असतात. खुडीच्या बाजूला असाल तर जैसलमेर साधारण तिकडेच. रात्री जैसलमेरच्या बाजूला पवनचक्क्यांवरचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात. आमचे लोक त्यावरच दिशा धरायचे.

९. रात्र आणि साप

उन्हाळ्यात साप रात्री फिरतात. फुरसं तिकडे भरपूर, त्याला 'बांडी' म्हणतात. दुसरा 'पीवणा'. तो झोपलेल्या माणसाचा श्वास पितो अशी समजूत आहे. खरं तर तो मण्यारीच्या जातीतला. चावलेलं फारसं दुखत नाही आणि माणूस पहाटे श्वास लागून उठतो, म्हणून ती समजूत. जमिनीवर झोपू नका. खाट आणि मच्छरदाणी मागून घ्या, कडा गादीखाली खोचा. रात्री उठलात तर बॅटरी आणि बूट, आणि बूट घालायच्या आधी झटका, विंचूही असतात. चावलंच तर कुणी भोप्याकडे, म्हणजे झाडफूक करणाऱ्याकडे, चला म्हणेल. ऐकू नका. थेट जैसलमेरच्या जिल्हा रुग्णालयात न्या.

१०. घरी परतल्यावर

गाडीचा एअर फिल्टर पहिल्याच आठवड्यात काढून झटका किंवा बदला, एसीचाही. दारांच्या रबरी पट्ट्या उचलून खालची वाळू ब्रशने काढा, मगच गाडी धुवा. आधी पाणी मारलंत तर ती खालच्या खाचेत जाऊन बसते. माझ्या गाडीच्या मागच्या दारातून अजून निघते, आणि मी परत येऊन चार वर्षं झाली.